कलम १७ मधला घोडा आणि जुनी जीप

भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या कलम १७ मध्ये एक घोडा आहे.

हे कलम फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगतं आणि समजावण्यासाठी उदाहरणं देतं. 'अ' लिलावात 'ब'ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे 'अ'ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायद्याच्या मते ही फसवणूक नाही. पुढच्या उदाहरणात घोडा तोच, पण 'ब' ही 'अ'ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. आता मात्र खोड सांगणं 'अ'चं कर्तव्य ठरतं. तिसऱ्या उदाहरणात 'ब' आधीच बजावतो की तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन. 'अ' तरीही गप्प बसतो. इथं त्याचं गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं.

घोडा तोच, खोड तीच, गप्प बसणंही तेच. फरक फक्त समोर कोण उभं आहे आणि त्यानं काय विचारलं याचा. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनीअर, वकिलीशी संबंध नाही. तरी गेला महिनाभर हे कलम डोक्यात घोळतंय, कारण मला एक जुनी फोर बाय फोर जीप विकायची आहे आणि तिच्या खोडी मला पाठ झाल्या आहेत.

जीप कशाला?

आमचं गाव शिरड शहापूर, औंढा नागनाथ तालुक्यात, हिंगोली जिल्ह्यात. बाहेरच्या लोकांना ते मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळे माहीत असतं. आम्हाला ते काळ्या मातीमुळे जास्त माहीत आहे. ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगाळते आणि पावसाळ्यात चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षी अर्ध्या मिनिटात बुजून जाते. डांबरी रस्ता संपून पांदण सुरू झाली की मोटारसायकल खांद्यावर घ्यायची तेवढी बाकी राहते. आमचं शेत रस्त्यापासून तीन किलोमीटर आत. हळद असल्यामुळे खत, बेणं, कुकर, मजूर असं काही ना काही वर्षभर आत-बाहेर न्यावं लागतं.

आमच्याकडे 'जीप' हे कंपनीचं नाव राहिलेलं नाही. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपगाड्या जोडायला सुरुवात केली. पुढे त्या पोलीस, तहसीलदार, डॉक्टर, पुढारी आणि शेवटी काळी-पिवळी या वाटेनं गावात पोचल्या. माझ्या पिढीतल्या मराठवाड्यातल्या बहुतेक पोरांनी तालुक्याचं गाव पहिल्यांदा काळी-पिवळीत कुणाच्या तरी मांडीवर बसून पाहिलं असेल.

मी मार्चमध्ये एका मोठ्या शहरातल्या विक्रेत्याकडून २०१२ सालची जीप ४ लाख १० हजारांना घेतली. आता कामासाठी बंगळुरूला जायचंय, अण्णा चालवत नाहीत, म्हणून ती विकायची आहे.

दोष सगळे सारखे नसतात

जुनी गाडी घेतल्यावर पहिले दोन महिने दोष शोधण्यात जातात. हे काम माझ्या नोकरीसारखंच आहे. लक्षण एक, कारणं दहा, त्यातलं एकेक बाद करत जायचं. मला सापडलेल्या दोषांचे नैतिकदृष्ट्या तीन वेगळे गट पडतात.

पहिला गट वयाचा. सकाळी गाडी लवकर सुरू व्हायची नाही. स्टार्टर फिरतोय, बॅटरी चांगली, एकदा सुरू झाली की दिवसभर तक्रार नाही. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास होत असेल, तर डिझेलच्या नळीत कुठून तरी हवा शिरते आहे असा पहिला संशय घ्यावा. फिल्टरजवळ थोडी पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात. एक क्लिप सैल होती आणि फिल्टरखालचं रबर कडक झालं होतं. दोनशे रुपयांत काम झालं. रबर कडक होणं हा कुणाचा गुन्हा नाही.

दुसरा गट वापराचा. साठच्या वेगात खड्डा लागला की स्टेअरिंग हाताला झटके देत थरथरायचं. पुढं-मागं पाटे असलेल्या जुन्या जीपगाड्यांची ही ओळखीची तक्रार. आधी टायरची हवा आणि बॅलन्सिंग बघायचं, मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली आणि आडवं हलवायचं. किंगपिनचं बेअरिंग किंवा टायरॉड एंड झिजला असेल तर खेळ हाताला लागतो. फोर बाय फोरचंही तसंच. लिव्हर टाकूनही पुढची चाकं ओढत नव्हती, म्हणून पुढचं चाक उचललं, हब लॉक केला आणि चाक हातानं फिरवलं. चाक फिरलं, पण पुढचा प्रोपेलर शाफ्ट जागचा हलला नाही. म्हणजे हब जाम. खोलून, धुऊन, ग्रीस भरल्यावर चालू झाला. आधीच्या मालकानं फोर बाय फोर बहुधा कधी वापरलाच नसावा.

तिसरा गट लपवलेला. ट्रान्सफर केसचं ऑइल बदलायला खाली सोडलं, तर ते चहासारखं दुधी निघालं. ऑइल दुधी म्हणजे आत पाणी गेलंय. मग सीट काढल्या. सीटखालचे बोल्ट गंजलेले, डॅशबोर्डच्या मागे बोटाला लागेल असा वाळलेला बारीक गाळ. गाडी पुराच्या पाण्यात उभी राहिलेली होती. वरून मात्र ती धुऊन, रंगवून, पॉलिश करून चकचकीत केलेली. या खुणा सीट उचलल्याशिवाय दिसत नाहीत, आणि विकणारा कुणालाही सीट उचलू देत नाही.

कलम १७ सुद्धा हा फरक करतं. नुसतं न सांगणं वेगळं आणि माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं वेगळं. झाकणं ही फसवणूकच.

थांबलेला दोष आणि गेलेला दोष

गाडी घरी आल्यावर तेविसाव्या दिवशी, औंढ्याहून येताना रात्री साडेआठला दोन्ही हेडलाइट एकदम गेले. दोन-तीन सेकंदांनी आपोआप आले. पुढच्या महिन्यात आणखी दोनदा तसंच झालं.

एक लाइट गेला तर बल्ब बघायचा. दोन्ही एकदम गेले तर दोघांत समाईक काय आहे ते बघायचं: फ्यूज, स्विच, वायर, अर्थिंग. फ्यूज उडालेला नव्हता, म्हणजे शॉर्ट नव्हता. कुठंतरी जोड सुटत होता. लाइट लावून हेडलाइटच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर धरला, तर १.८ व्होल्ट दिसले. तिथं जवळपास शून्य हवं. अर्थिंगचे सगळे जोड घासून, साफ करून, घट्ट केले. आकडा ०.१ वर आला. त्यानंतर पाच महिन्यांत लाइट एकदाही गेले नाहीत.

वसमतच्या मिस्त्रींना मी पूर्ण वायरिंग बदलायचं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, लाइट आता जात नाहीत ना? मग कामून उकरता?"

त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण पुराच्या पाण्यात बुडालेली तांब्याची वायर आवरणाच्या आतून हिरवी होत जाते, बाहेरून काही दिसत नाही. माझ्या कामात याला सगळ्यात वाईट जातीचा बग म्हणतात. कधीतरी येतो, आपण काहीतरी बदलतो, मग तो येत नाही. आपल्या बदलामुळे गेला की नुसता लपून बसलाय, हे सांगता येत नाही. दोष थांबणं आणि दोष जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारण सापडलं, ते काढल्यावर लक्षण गेलं आणि परत घातल्यावर परत आलं, तरच आपण खात्रीनं बोलू शकतो. इथं मला एक कारण सापडलं. ते एकमेव कारण होतं का, हे हार्नेस उघडल्याशिवाय कळणार नाही.

इथं विल्यम क्लिफर्ड आठवतो. हा इंग्रज गणिती आणि तत्त्वज्ञ. १८७७ साली त्यानं 'द एथिक्स ऑफ बिलीफ' नावाचा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, अशी शंका त्याच्या मनात येते. पण दुरुस्ती महाग. मग तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी नीट झाल्या, हीही होईल. हळूहळू त्याला खरोखरच तसं वाटायला लागतं. देश सोडून निघालेली कुटुंबं घेऊन जहाज निघतं आणि समुद्रात बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता याला काही किंमत नाही. समोर जो पुरावा होता त्यावर तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. पुढे तर तो म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी मालक तितकाच दोषी असता.

हे शेवटचं वाक्य मला आधी फार कडक वाटलं. जीपमुळे ते पटलं. 'पाच महिने लाइट गेले नाहीत' हे माझं वाक्य आणि 'इतक्या सफरी नीट झाल्या' हे त्याचं वाक्य, दोन्ही एकाच जातीची. कायदा ज्याला दोष माहीत आहे त्याला धरतो. त्यामुळे एक सोपी पळवाट तयार होते: बघूच नका. सीट उचलू नका, ऑइल सोडू नका, हार्नेस उघडू नका, म्हणजे 'मला काय माहीत' हे खरंखुरं म्हणता येईल. दोष शोधणाऱ्याच्या डोक्यावर जबाबदारी येते आणि डोळे मिटणारा मोकळा सुटतो, हे मला अजिबात न्यायाचं वाटत नाही. शंका आली त्या क्षणी 'मला काय माहीत' म्हणायची सोय संपते.

'आपल्याला कोणी सांगितलं होतं?'

घरात हा विषय निघाला तेव्हा अण्णा म्हणाले, "आपल्याला घेताना कोणी सांगितलं होतं? मग आपणच कामून सांगावं?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अण्णांनी आयुष्यभर बैल घेतले-विकले. लोह्याजवळच्या माळेगावच्या यात्रेत त्यांनी हेड्यांशी उपरण्याखाली बोटं धरून भाव केले आहेत. त्या बाजाराचा नियम असा की दात तुम्ही बघायचे, चाल तुम्ही बघायची, जुपून तुम्ही बघायचं. नंतर बैल बसका निघाला तर बोंब मारायची नाही. बघणं ही घेणाऱ्याची जबाबदारी.

जुन्या शास्त्रकारांनाही हा प्रश्न सुटला नव्हता. याज्ञवल्क्य स्मृतीत विकत घेतलेला माल पारखायला मुदती दिल्या आहेत: बियाण्याला १० दिवस, लोखंडाला १, ओझं वाहणाऱ्या जनावराला ५, रत्नांना ७, दुभत्या जनावराला ३. त्याच यादीत दास आणि दासीही आहेत, हे वाचताना थांबायला होतं. तेव्हाचा बाजार तसा होता. पण या मुदतींमागची समज शहाणपणाची आहे. प्रत्येक वस्तूची खोड बाहेर यायला वेगळा वेळ लागतो आणि तेवढा वेळ घेणाऱ्याला मिळायला हवा. माझी जीप लोखंड धरली तर १ दिवस, ओझं वाहणारी धरली तर ५. तिचे लाइट गेले तेविसाव्या दिवशी.

इथंच बैलाची आणि गाडीची वाट वेगळी होते. बैलाची खोड बघणाऱ्याला दिसते, गाडीची फक्त वापरणाऱ्याला कळते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा मुद्दा साधा होता. विकणाऱ्याला गाडी माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयानं बघतो आणि कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकायला येतच नाही. बाजारात खराब गाड्या उरतात, भाव आणखी पडतो.

अण्णांचा हिशोब याच बाजाराचा आहे. मला कुणी फसवलं, मी पुढच्याला देतो, तो त्याच्या पुढच्याला. पण या साखळीत दोष कुठंच कमी होत नाही, तो हातोहात फिरतो. पुराचं पाणी ज्यानं पाहिलं त्यानं नुकसान सोसलं नाही, पुढे ढकललं. प्रत्येकजण तेच करत राहिला तर शेवटी ते अशा माणसाकडे थांबतं ज्याला पुढे कुणाला देता येत नाही.

अण्णांना मी विचारलं, "ही जीप मावशीच्या पोराला द्यायची असती तर?" अण्णा म्हणाले, "त्याची गोष्ट वेगळी." कलम १७ मधली मुलगी ती हीच. आपल्या माणसाला सांगायचं हे शिकवावं लागत नाही. प्रश्न एवढाच की 'आपलं' कुठं संपतं.

तिसरा माणूस

घोड्याच्या उदाहरणात माणसं दोन आहेत, 'अ' आणि 'ब'. 'अ' गप्प बसला तर 'ब'चे पैसे बुडतील. जीपच्या व्यवहारात आणखी माणसं आहेत, पण ती करारात कुठं दिसत नाहीत.

गिऱ्हाईक आमच्या शेजारच्या गावातलं आहे. पंचविशीतला पोरगा, मेहनती. ३ लाख ७० हजार द्यायला तयार. हळदीच्या हंगामात बायांना शेतावर ने-आण करण्यासाठी त्याला गाडी हवी आहे. आरसीवर सात माणसं लिहिली आहेत. पहाटे साडेपाचला गाडीत किती बाया बसतात ते आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. त्या वेळी अंधार असतो. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात, पुष्कळदा मागे लाल दिवाच काय, रिफ्लेक्टरही नसतो. तिथं हेडलाइट तीन सेकंद जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

२०२५ च्या ४ एप्रिलला वसमत तालुक्यातल्या गुंज गावच्या शेतमजूर बायांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात विहिरीत कोसळला. ७ जणी गेल्या. त्या ट्रॅक्टरमध्ये दोष होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण आमच्या भागात त्या दिवसापासून मजुरांनी भरलेली गाडी दिसली की नजर आधी मागे बसलेल्यांकडे जाते. त्यांना गाडीबद्दल कुणी काही विचारत नाही, सांगत नाही. रोजगार हवा तर जी गाडी येईल तीत बसायचं.

मी त्या पोराला सगळं सांगितलं. पूर, दुधी ऑइल, तीनदा गेलेले लाइट, अर्थिंग. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, चालतंय. तीस हजार कमी करा, न्यायला तयार आहे."

कायद्याच्या आणि बाजाराच्या दृष्टीनं गोष्ट इथंच संपली. मी काही लपवलं नाही, त्यानं समजून-उमजून भाव पाडला. अकरलॉफसुद्धा खूश होतील. मला मात्र इथंच अडचण दिसली. तीस हजारांची सूट त्याच्या खिशात जाणार आणि धोका मागे बसलेल्या बायांकडे. खरं बोलून आम्ही दोघं मोकळे झालो, पण दोष जिथं होता तिथंच राहिला. फक्त आता तो दोन माणसांच्या संमतीनं फिरणार होता. क्लिफर्डच्या जहाजमालकानं गिऱ्हाइकाला सगळं खरं सांगून जहाज स्वस्तात विकलं असतं, तर प्रवाशांचं काय बदललं असतं?

म्हणून माझ्या मते प्रश्नाचे दोन तुकडे करायला हवेत. ज्या दोषानं फक्त घेणाऱ्याचे पैसे किंवा वेळ जाणार आहे, तो सांगितला की पुरे. स्टेअरिंगला साठच्या पुढे अजून थोडी थरथर आहे, किंगपिन एक-दोन वर्षांत बदलावा लागेल; हे सांगावं, भाव ठरवावा, संपलं. पण ज्या दोषाची किंमत व्यवहारात नसलेला तिसरा माणूस मोजणार आहे, तो नुसता सांगून भागत नाही. तो काढावा लागतो. काढता येत नसेल तर गाडी त्या कामासाठी देऊ नये.

यावर एका मित्रानं अडवलं: "तुला आयटीचा पगार आहे, तुला परवडतं. पोरीच्या लग्नासाठी गाडी विकणाऱ्यानं काय करायचं?" हा आक्षेप खरा आहे आणि माझ्याकडे त्याचं पूर्ण उत्तर नाही. सांगायला पैसे लागत नाहीत, ते प्रत्येकावर आहे. दुरुस्तीला लागतात, आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्यावर तेवढाच बोजा टाकणं मला जमत नाही. पण यातून एक उलटी गोष्टही निघते. साखळीत दोष कुणीतरी भरायचाच असेल, तर ज्याला झेपतं त्याच्या हातात तो आल्यावर त्यानं तिथं थांबवावा. मला कुणी फसवलं म्हणून मी भरत नाहीये. माझ्यानंतर ज्यांच्याकडे तो जाईल, त्यांच्यापेक्षा मला तो झेपतो म्हणून भरतोय.

नवा हार्नेस, कनेक्टर, रिले आणि मजुरी धरून ३१ हजार खर्च ठरलाय. मिस्त्रींनी जुना हार्नेस बाहेर काढून पेपरवर पसरला तेव्हा डॅशबोर्डखालच्या एका जोडात तीन वायरी आतून हिरव्यागार निघाल्या. त्यातली एक हेडलाइटची होती. त्यांनी ती बोटात धरून वाकवली आणि ती तुटली. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही.

गिऱ्हाइकाला दहा दिवस थांबायला सांगितलंय. भाव परत ३ लाख ७० हजारांवर गेलाय आणि त्यावर तो अजून घासाघीस करतोय, ती त्यानं करावीच. पानभर यादी लिहून ठेवली आहे: काय बदललं, कधी बदललं, काय अजून शिल्लक आहे, कोणत्या आवाजाकडे लक्ष द्यायचं. तिची एक प्रत आरसीसोबत त्याला देणार आहे आणि पुढे कधी गाडी विकलीस तर हा कागदही पुढच्याला दे, एवढं सांगणार आहे. तो देईल की नाही, ते त्याच्यावर.